चमनगोट्यानंतरचे केस आणि व्हीगन ताट

वस्तरा फिरवला की केस जाड आणि दाट येतात, ही समजूत काही केल्या जात नाही. तिची तपासणी मात्र केव्हाच होऊन गेली आहे. १९२८ साली मिल्ड्रेड ट्रॉटर या शरीररचनाशास्त्रज्ञ बाईंनी दाढी करणाऱ्या पुरुषांचे केस मोजले आणि दाढीमुळे केसांची जाडी, रंग किंवा वाढीचा वेग बदलत नाही असं दाखवून दिलं. १९७० मध्ये पाच तरुणांचा एक पाय काही महिने दर आठवड्याला भादरला आणि दुसरा तसाच ठेवला. दोन्ही पायांवरच्या केसांत फरक निघाला नाही.

तरी हाताला फरक लागतो आणि तो भास नसतो. कधीच न कापलेल्या केसाचं टोक कुंचल्यासारखं निमुळतं असतं. वस्तऱ्याने केस जाड भागात कापला जातो, म्हणून वर येतं ते सपाट, बोथट टोक. शिवाय दोन मिलिमीटरचा खुंट वाकू शकत नाही, तो बोचतो. तोच केस पाच सेंटिमीटरचा झाला की सहज लवतो. जाडी तीच, खरखर फक्त आखूडपणाची.

म्हणजे मुळांच्या हिशेबात चमनगोटा हा ना नफा ना तोटा. ब्लीच, स्ट्रेटनिंग किंवा रोजच्या ड्रायरने खराब झालेले केस एकदाचे निघून जातात आणि डोक्याची त्वचा स्वच्छ दिसते, एवढा फायदा खरा. पुढे जे उगवेल ते आनुवंशिकता, वय, हार्मोन आणि रक्तातून मुळाशी पोहोचणारा माल या चार गोष्टींवर ठरतं. ताट बदलून हाताशी येते ती यातली चौथीच. व्हीगन, म्हणजे दूध-अंड्यांसह प्राणिजन्य काहीच नसलेल्या ताटातून हा माल पूर्ण मिळू शकतो. पण त्यातल्या काही गोष्टी आपोआप येत नाहीत, मुद्दाम आणाव्या लागतात. आणि आणल्या की नाही हे डोक्यावर इतक्या उशिरा कळतं की खापर भलत्याच गोष्टीवर फुटतं.

मुळाशी काय चालतं

केसाचं मूळ, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत फॉलिकल, डोक्याच्या त्वचेत साधारण ४ मिलिमीटर खोल असतं. तळाशी छोट्या कांद्यासारखा फुगवटा असतो आणि तिथल्या पेशी शरीरातल्या सर्वात वेगाने वाढणाऱ्या पेशींपैकी आहेत. त्या खालून ढकलल्या जातात, वर सरकताना केराटिन या प्रथिनाने भरतात, कडक होतात आणि मरतात. त्वचेबाहेर दिसतो तो केस मेलेलाच असतो. म्हणून कापताना दुखत नाही आणि म्हणूनच वर काहीही चोपडलं तरी तो 'पोसला' जात नाही.

डोक्यावर अशी सुमारे १ लाख मुळं असतात आणि प्रत्येकाचं घड्याळ वेगळं असतं. वाढीचा काळ २ ते ६ वर्षांचा, मग दोन-तीन आठवड्यांची आवराआवर, मग साधारण तीन महिन्यांची विश्रांती. कोणत्याही दिवशी ८५ ते ९० टक्के मुळं कामावर असतात आणि बाकीची बहुतेक सुट्टीवर. सुट्टी संपली की जुना केस पडतो आणि त्याच जागी नवा सुरू होतो. रोज ५० ते १०० केस गळतात ते याच हिशेबाने.

वस्तऱ्याने ही घड्याळं शून्यावर येत नाहीत. चमनगोट्यानंतरही तेवढेच केस गळत राहतात, फक्त ते मिऱ्याच्या भुकटीसारखे उशीवर पडतात आणि लक्षात येत नाहीत. महिन्याभराने तेच तुकडे सेंटिमीटरभर लांब झाले की टॉवेलवर दिसू लागतात आणि घाबरगुंडी उडते. असा एक केस पांढऱ्या कागदावर ठेवा, मोबाइलच्या कॅमेऱ्याने झूम करून बघा. एक टोक सपाट कापलेलं आणि दुसऱ्या टोकाला खसखशीच्या दाण्याहून लहान पांढरट गाठ असेल, तर तो विश्रांती संपवून रीतसर पडलेला केस आहे. गाठ नसेल तर केस मुळापासून आलेला नाही, मध्येच तुटला आहे. एक-दोन सेंटिमीटरचे केस सहसा असे तुटत नाहीत. तुटत असतील आणि त्या जागी त्वचेवर पापुद्रे असतील तर बुरशीचा संशय घ्यावा.

दोन उशीर

केस दिवसाला सरासरी ०.३५ मिलिमीटर वाढतो, महिन्याला साधारण १ सेंटिमीटर. ४ मिलिमीटर खोलीवरून वर यायला त्याला ११-१२ दिवस लागतात. आज त्वचेतून डोकावणारा केस दीड-दोन आठवड्यांपूर्वी घडला आहे. काल सुरू केलेल्या गोळीचा त्याच्याशी काही संबंध नाही.

दुसरा उशीर लांबचा आणि जास्त फसवा. मोठा ताप, शस्त्रक्रिया, बाळंतपण, झपाट्याने उतरलेलं वजन किंवा आटलेलं लोह अशा धक्क्याने वाढीतली पुष्कळ मुळं एकदम सुट्टीवर जातात. त्यांचे केस लगेच पडत नाहीत, दोन-तीन महिन्यांनी पडतात. याला टेलोजेन एफ्लुव्हियम म्हणतात. आता समजा, एखाद्याने जानेवारीत प्राणिजन्य सगळं सोडलं, जेवण निम्म्यावर आलं, फेब्रुवारीअखेर ६ किलो उतरले, मार्चमध्ये हौसेने चमनगोटा केला आणि एप्रिलमध्ये केसांचा पाऊस सुरू झाला. शिव्या वस्तऱ्याला किंवा नव्या शाम्पूला. गुन्हा जानेवारीतल्या रिकाम्या ताटाचा.

उलटही तेवढंच होतं. मे महिन्यात घेतलेल्या तेलाला ऑगस्टमध्ये गळती थांबल्याचं श्रेय मिळतं, जी बहुतेक वेळा तशीही थांबणारच होती. केशतेलांच्या जाहिरातींतल्या 'आधी' आणि 'नंतर'च्या फोटोंकडे हे तीन महिने डोक्यात ठेवूनच बघावं.

टकलाचा उपयोग

केसतज्ज्ञ फोटोट्रायकोग्राम नावाची तपासणी करतात. डोक्यावरचा छोटा चौकोन भादरून फोटो काढायचा, दोन-तीन दिवसांनी त्याच जागेचा पुन्हा काढायचा. लांब झालेले खुंट म्हणजे वाढीतली मुळं, जागच्या जागी राहिलेले म्हणजे विश्रांतीतली. चमनगोटा केलेलं डोकं म्हणजे हीच तपासणी, फक्त चौकोन मोठा.

भादरल्याच्या दिवशी, तिसऱ्या दिवशी आणि मग दर महिन्याच्या त्याच तारखेला पाच फोटो काढा: कपाळ, दोन्ही बाजू, भोवरा, मागची बाजू. प्रकाश, जागा आणि अंतर तेच ठेवा आणि शेजारी पट्टी धरा. तिसऱ्या दिवशी साधारण १ मिलिमीटरचे खुंट दिसायला हवेत. महिन्याने स्टीलच्या पट्टीने चार ठिकाणी मोजा. ९ ते १२ मिलिमीटर म्हणजे वेग ठीक आहे.

लांबीपेक्षा घनता जास्त बोलते. मागे आणि कानांवर दाट, पण कपाळाचे कोपरे आणि माथा विरळ असेल तर तो आनुवंशिक, हार्मोनशी जोडलेला प्रकार आहे. तिथे डाळी वाढवून फरक पडणार नाही. मिनॉक्सिडिलसारख्या औषधाबद्दल त्वचारोगतज्ज्ञांशी बोलावं आणि परिणामासाठी चार ते सहा महिने धरावेत. (वस्तऱ्याने खरचटलेल्या त्वचेवर ते लावू नये, जास्त शोषलं जातं.) मागच्या बाजूसह सगळीकडे सारखाच विरळपणा असेल तर आहार, लोह आणि थायरॉइड तपासायला हवेत. भोवऱ्यापाशी मात्र फसू नका. तिथे केस चहूकडे फाकतात, त्यामुळे चांगल्या दाट डोक्यावरही त्वचा दिसते.

आधी पोट, मग जीवनसत्त्वं

व्हीगन आहारात केसांचं काही बिघडलं की लोक थेट बायोटिन या जीवनसत्त्वाच्या डबीकडे वळतात. आधी बघायचं ते वजनाच्या काट्याकडे. भाज्या, फळं, सॅलड यांनी पोट लवकर भरतं आणि उष्मांक कमीच राहतात. शरीराला टंचाई जाणवली की खर्चकपात सुरू होते आणि केस हे त्याच्या लेखी चैनीचं खातं. ठरवून वजन कमी करत असाल तर आठवड्याला अर्ध्या किलोच्या आसपास राहा. ठरवलं नसताना काटा सलग उतरत असेल तर ताटात तेल, दाणे, बिया आणि धान्य वाढवा. हे केल्याशिवाय बाकीच्या गोळ्या म्हणजे गळक्या माठात पाणी.

त्यानंतर प्रथिनं. सर्वसाधारण शिफारस दर किलो वजनामागे रोज ०.८ ग्रॅमची आहे. वनस्पतींतली प्रथिनं थोडी कमी पचतात, म्हणून व्हीगन व्यक्तीने १ ग्रॅमचा हिशेब धरावा. ६० किलोच्या माणसाला ६० ग्रॅम. धान्यात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं, डाळी-कडधान्यांत आणि सोयाबीनमध्ये ते भरपूर असतं. उलट केराटिनसाठी लागणारी गंधकयुक्त अमिनो आम्लं कडधान्यांत थोडी कमी, तर धान्यांत, तिळात आणि इतर बियांत चांगली. एकाच घासात दोन्ही हवीत असं नाही, दिवसभरात दोन्ही आली की पुरे.

एक दिवस मांडून बघू. सकाळी ५० ग्रॅम ओट्स, २५० मिलिलिटर सोया दूध आणि १५ ग्रॅम भोपळ्याच्या बिया: सुमारे १९ ग्रॅम प्रथिनं. दुपारी २०० ग्रॅम शिजवलेली मसूर आणि १५० ग्रॅम भात: २२ ग्रॅम. मधल्या वेळी मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाणे: ७ ग्रॅम. रात्री १२० ग्रॅम घट्ट टोफू, दोन ब्रेडच्या स्लाइस आणि भाजी: २० ग्रॅमच्या वर. बेरीज ६८ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे प्रथिनांचं काम झालं.

याच दिवसाचं लोह मोजलं तर चित्र पालटतं. मसुरीतून ६.५ मिलिग्रॅम, ओट्समधून २, बियांतून १ च्या थोडं वर, टोफू आणि ब्रेडमधून ४-५. एकूण १४-१५ मिलिग्रॅम. पुरुषाला हे पुरेल. मासिक पाळी चालू असलेल्या बाईला सामान्य आहारातच रोज १८ मिलिग्रॅम लागतात आणि वनस्पतींतलं लोह कमी शोषलं जात असल्याने शाकाहारींसाठी अमेरिकन शिफारस १.८ पट, म्हणजे ३२ मिलिग्रॅमची आहे. नीट जेवणाऱ्या व्हीगन बाईच्या रक्तातही लोहाचा साठा कमी निघतो त्याचं उत्तर या बेरजेत आहे.

लोह अंगी लागण्यासाठी

लोहाचा आकडा वाढवण्याइतकंच ते शोषलं जाणं महत्त्वाचं आहे, आणि त्यासाठी फार खटपट लागत नाही. क जीवनसत्त्व त्याच जेवणात हवं: एक संत्रं, किंवा अर्धी कच्ची ढोबळी मिरची, किंवा वरून पिळलेलं लिंबू. लिंबू पातेलं उतरवल्यावर पिळा, कारण उकळताना क जीवनसत्त्वाचा बराचसा भाग नष्ट होतो. चहा-कॉफी जेवणाआधी आणि नंतर तासभर लांब ठेवा, त्यांच्यातले घटक लोहाला धरून ठेवतात. कॅल्शियमची गोळी त्याच जेवणाबरोबर घेऊ नका.

कडधान्यांत फायटेट नावाचा घटक असतो, तो लोह आणि जस्त दोन्ही अडवतो. ८ ते १२ तास भिजवून पाणी फेकून दिलं की तो कमी होतो, मोड आणले किंवा पीठ आंबवलं तर आणखी कमी होतो. पालकाचं नाव लोहासाठी उगाच मोठं झालं आहे. त्यातलं लोह कागदावर दिसतं तेवढं शरीराला मिळत नाही, कडधान्यं त्याहून भरवशाची.

तपासणीत फक्त हिमोग्लोबिन बघून थांबू नका. साठवणीतलं लोह फेरिटिनवरून कळतं आणि ते हिमोग्लोबिनच्या बरंच आधी घसरतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते निरोगी प्रौढात फेरिटिन मिलिलिटरमागे १५ नॅनोग्रॅमच्या खाली म्हणजे साठा संपलेला. केसांसाठी किती हवं यावर डॉक्टरांचं एकमत नाही. काही ३० ते ४० च्या वर समाधानी असतात, काही ७० पर्यंत न्यायला सांगतात. ताप किंवा संसर्ग असताना फेरिटिन खोटं वाढलेलं दिसतं, तेव्हा बरं झाल्यावरच तपासा.

लोहाच्या गोळ्या अंदाजाने सुरू करू नयेत. काहींच्या शरीरात लोह साठत जातं आणि यकृताला इजा होते. डॉक्टरांनी गोळी दिलीच तर रोजऐवजी एक दिवसाआड चालेल का, हे विचारा. एक मात्रा घेतली की पुढचा सुमारे दिवसभर हेप्सिडिन हे संप्रेरक वाढलेलं राहतं आणि लोहाचं शोषण रोखतं, म्हणून एक दिवसाआड घेतलेल्या गोळीतलं लोह जास्त प्रमाणात शोषलं जातं आणि पोटही कमी बिघडतं.

बी-१२ आणि बाकीची मंडळी

बी-१२ बद्दल वाद नको: व्हीगन आहारात ते बाहेरून घ्यावंच लागतं. स्पिरुलिना, शेवाळं, आंबवलेले पदार्थ, न धुतलेल्या भाज्या यांपैकी कशावरही विसंबू नये. स्पिरुलिनात जे सापडतं ते बहुतांशी बी-१२ सारखं दिसणारं, पण आपल्या शरीराला निरुपयोगी रूप आहे. रोजची गरज २.४ मायक्रोग्रॅमची. पण मोठी मात्रा एकदम घेतली तर शोषणाची वाट एका वेळी दीड-दोन मायक्रोग्रॅमवरच भरून जाते आणि त्यापुढे जेमतेम १ टक्का झिरपतं. म्हणून आकडे विचित्र वाटतात: रोज घेणार असाल तर किमान १० मायक्रोग्रॅम, आठवड्यातून एकदा घेणार असाल तर २,००० मायक्रोग्रॅम.

यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, त्यामुळे पहिल्या वर्षी सगळं आलबेल वाटतं. व्हीगन आहारात फोलेट हे ब गटातलं दुसरं जीवनसत्त्व भरपूर असल्याने रक्ताचा रिपोर्टही बराच काळ ठीक दिसू शकतो आणि तोवर नसांचं नुकसान सुरू झालेलं असतं. केस हा इथे दुय्यम मुद्दा आहे. हातापायाला मुंग्या येणं किंवा तोल जाणं अशी लक्षणं दिसली तर केस विसरून आधी डॉक्टरकडे जा.

जस्ताची शिफारस बाईला ८, पुरुषाला ११ मिलिग्रॅम. फायटेटमुळे व्हीगन व्यक्तीला दीडपटीपर्यंत लागू शकतं. ३० ग्रॅम भोपळ्याच्या बियांत २ मिलिग्रॅमच्या थोडं वर मिळतं, बाकी कडधान्यं, काजू, ओट्स, तीळ यांतून भरून निघतं. गोळी घेत असाल तर दिवसाला एकूण ४० मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडू नका. महिनोन् महिने जास्त जस्त घेतलं तर शरीरातलं तांबं कमी होतं आणि मग रक्तक्षयाचं नवं लफडं मागे लागतं.

आयोडीन रोज १५० मायक्रोग्रॅम हवं. दूध आणि मासे सुटले की ते गुपचूप कमी होतं, विशेषतः आयोडीन नसलेलं 'नैसर्गिक' मीठ वापरणाऱ्यांचं. साधं आयोडीनयुक्त मीठ हा सोपा उपाय. केल्पसारख्या समुद्री शेवाळांत कधी कधी इतकं आयोडीन असतं की थायरॉइड उलट बिघडते, आणि थायरॉइड कोणत्याही बाजूला बिघडली तरी केस विरळ होतात.

सेलेनियमचंही तसंच. गरज ५५ मायक्रोग्रॅमची, आणि एका ब्राझील नटमध्ये तेवढं सहज असू शकतं. 'केसांसाठी चांगले' म्हणून रोज मूठभर खाल्ले तर ४०० मायक्रोग्रॅमची वरची मर्यादा ओलांडली जाते आणि सेलेनियम जास्त झाल्याचं ठळक लक्षण म्हणजे केस गळणं, नखं ठिसूळ होणं. एक किंवा दोन, बस. रेटिनॉल रूपातलं अ जीवनसत्त्व गोळ्यांतून जास्त झालं तरी केस गळतात. गाजर-रताळ्यातल्या बीटा-कॅरोटिनला ती भीती नाही.

ड जीवनसत्त्वाची गोळी घेताना डबीवर स्रोत वाचा. डी-३ बहुधा मेंढीच्या लोकरीतल्या लॅनोलिनपासून काढतात. लायकेनपासून (दगडफुलाच्या जातीचं) काढलेलं डी-३ किंवा डी-२ हे व्हीगन पर्याय. कॅप्सूलचं कवच जिलेटिनचं नाही ना, हेही बघा. ओमेगा-३ साठी रोज एक मोठा चमचा जवसाची ताजी पूड पुरते. अख्खे जवस न पचताच बाहेर पडतात, तेव्हा दळूनच खावेत.

आणि बायोटिन. त्याची खरी कमतरता दुर्मीळ आहे. रोजची गरज ३० मायक्रोग्रॅम आणि 'केस-त्वचा-नखं' लिहिलेल्या डब्यांत असतं ५,००० ते १०,०००. त्याने केस वाढतील याचा भरवसा नाही, रक्ततपासणी मात्र बिघडते. थायरॉइडचे आकडे खोटे येतात, हृदयविकाराच्या झटक्यासाठी बघतात तो ट्रोपोनिन खोटा कमी दिसू शकतो. अमेरिकेच्या एफडीए या अन्न-औषध नियामक संस्थेने २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. घेतच असाल तर तपासणीच्या किमान दोन दिवस आधी थांबवा आणि लॅबमध्ये तसं सांगा.

त्वचेकडे बघताना

भादरण्याची पद्धत बिघडली की पुढचे दोन आठवडे खाज आणि पुळ्यांत जातात. आधी ट्रिमरने केस १-२ मिलिमीटरवर आणा. कोमट पाण्याने पाचेक मिनिटं डोकं भिजवा, जेल लावा, नवं ब्लेड घ्या आणि केसांच्या दिशेने, दाब न देता फिरवा. भोवऱ्यापाशी दिशा बदलत जाते, तिथे हात लहान ठेवा. दर दोन-तीन हातांनी ब्लेड धुवा. शेवटी गार पाणी आणि बिनवासाचं मॉइश्चरायझर. स्पिरिटवालं आफ्टरशेव्ह नको. दुसऱ्याचं ब्लेड किंवा न धुतलेली मशीन वापरली तर जंतुसंसर्ग आणि गजकर्ण दोन्ही लागू शकतात.

चौथ्या दिवसापासून दुसऱ्या आठवड्यापर्यंत खाज येते ती बहुधा धारदार खुंट आणि कोरडेपणाची. नखं चालवू नका. केस कुरळे असतील तर काही टोकं वळून त्वचेत शिरतात आणि तिथे गाठ येते. सुईने उकरण्यापेक्षा गरम पाण्यात पिळलेल्या फडक्याने दहा मिनिटं शेक द्या आणि गाठी बसेपर्यंत वस्तरा बंद. मानेवर केसांच्या कडेला टणक गाठी येत राहिल्या तर तिथे अगदी बारीक कापणंच सोडावं लागतं, नाहीतर व्रण राहतात.

तेलकटपणा त्वचेतून येतो, केसांतून नाही. त्यामुळे टक्कल असलं तरी आठवड्यातून दोन-तीनदा वाटाण्याएवढा सौम्य शाम्पू हवा. खोबरेल तेल केसाच्या काडीतलं प्रथिन टिकवायला मदत करतं, पण काडीच नसताना त्याला काम नाही. कोंडा असेल तर बरीच तेलं त्यातल्या यीस्टला खाद्यच पुरवतात. कांद्याच्या रसाने भादरलेली त्वचा भाजते. शाम्पूतलं केराटिन मुळात शिरत नाही, आणि ते बहुधा लोकर, पिसं किंवा शिंगांपासून काढलेलं असल्याने व्हीगन म्हणूनही बाद.

ऊन हा विसरला जाणारा मुद्दा. वर्षानुवर्षं केसांखाली राहिलेली त्वचा लवकर करपते. टोपी, किंवा एसपीएफ ३० च्या वरचं सनस्क्रीन, अख्ख्या डोक्याला पाव ते अर्धा चहाचा चमचा, बाहेर असताना दर दोन तासांनी. केस साधारण दोन सेंटिमीटरचे होईपर्यंत हे सोडू नका, विरळ असतील तर नंतरही.

कधी थांबायचं, कधी दाखवायचं

नाण्याएवढा गुळगुळीत चट्टा, म्हणजे चाई. पू किंवा वेदना. चकाकणारी, छिद्रंच न दिसणारी त्वचा. भुवयाही विरळ होणं. सहा महिन्यांवर चाललेली गळती. यांपैकी काहीही असेल तर घरच्या प्रयोगांत वेळ घालवू नका. छिद्रं बुजलेल्या जागी केस परत येत नाहीत, तिथे प्रत्येक महिना मोलाचा असतो. डॉक्टरकडे जाताना रक्तगणना, फेरिटिन, बी-१२, ड जीवनसत्त्व आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी) एवढं हाती असेल तर एक फेरी वाचते. उपचार सुरू झाल्यावर फेरिटिन साधारण तीन महिन्यांनी पुन्हा बघतात. डोक्यावरचा फरक त्याच्याही मागून येतो, सहा महिन्यांच्या आत मत बनवू नये.

सगळं ठीक असेल तर फक्त वाट बघायची. तीन महिन्यांनी ३ सेंटिमीटर, सहा महिन्यांनी ६-७, वर्षाने १२ ते १५. तिसरा ते पाचवा महिना दिसायला सर्वात वाईट: कानांवर केस उभे राहतात आणि मागे मानेवर शेपटी येते. तेव्हा दर पाच-सहा आठवड्यांनी फक्त मानेची रेघ आणि कानाभोवतीचे केस कापून घ्या, माथ्याला कात्री लावू देऊ नका.